गळक्या ट्युबासाठी विश्वासाचं दुकान

“आज पण फुस्सच,” कुणीतरी अगदी कानाशी पुटपुटलं. “आठ मात्रांचं सोडा, शिंकेएवढाही सूर नाही.”

पुटपुटणारा ट्रॉम्बोनवाला होता. आपण कुणाच्या कानाशी पुटपुटलो हे त्याच्या जरा उशिरा ध्यानात आलं, कारण शेजारी हजेरीची वही मांडीवर घेऊन बसलेली बाई म्हणजे ट्युबा, बँडमधला सगळ्यात मोठा पितळी भोंगा, वाजवणाऱ्या आप्पांची थोरली लेक होती. त्याने जीभ चावली.

“ट्युबाबद्दल म्हणतोय हं मी, ताई. गळतोय तो कुठून तरी.”

“गळतच असणार,” लेक म्हणाली आणि आप्पांच्या नावापुढे हजेरीची खूण केली.

हा बँड पाणीपुरवठा खात्याचा. दर गुरुवारी संध्याकाळी पंपघरामागच्या खोलीत सराव चाले. ट्रॉम्बोनवाला दिवसभर फुटके पाइप जोडत हिंडे, म्हणून सगळे त्याला ठिगळ्या म्हणत. बँडमास्तर कचेरीत बसून पाण्याचा दाब मोजत. झांजा वाजवणारे मीटर वाचत. आणि आप्पा व्हॉल्व्हमन. तीस वर्षं त्यांनी अर्ध्या गावाचं पाणी सोडलं आणि बंद केलं होतं. अशा माणसांसमोर एखाद्या नळीतून हवं ते बाहेर पडत नसेल, तर ती माणसं एकच गोष्ट म्हणणार, की नळी गळतेय. दुसरं काही असू शकतं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. आणि जे दुसरं होतं ते सगळ्यांना धडधडीत दिसत असल्यामुळे त्याकडे बघायची कुणाची तयारी नव्हती.

खात्याच्या गाण्याचा शेवट ट्युबाचा. बाकी सगळे थांबतात आणि आप्पांचा एकट्याचा खोल सूर आठ मात्रा चालतो. निदान चालायचा. वर्षभरापूर्वी मास्तर म्हणाले, “सहा पुरे, चटपटीत वाटेल.” मग चार झाल्या. मागच्या महिन्यात दोनवर आले. “हल्ली लोकांना घाई असते,” असं त्यांचं स्पष्टीकरण. लोकांना कसलीही घाई नव्हती. हा बँड ऐकायला येत ती माणसं बसायला जागा मिळते म्हणून येत.

बँडचा लेखी नियम एकच होता: वाजवेल तोवर खुर्ची. आप्पांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, बायको जाऊन सहा. त्यांच्या आठवड्यात गुरुवार हा एकच दिवस होता, बाकीचे सहा त्याची वाट बघण्यासाठी. बुधवारी ते स्वतः शर्टाला इस्त्री करत आणि कुणालाही हात लावू देत नसत. ती खुर्ची गेली तर शर्ट कशासाठी, हा प्रश्न लेकीला रोज पडे आणि रोज ती तो दुसऱ्या दिवसावर ढकले.

तीन गुरुवार सगळ्या बँडने ट्युबा तपासला. गाणं बाजूलाच राहिलं. ठिगळ्याने रबराच्या ट्यूबचा बोळा करून भोंग्याचं तोंड बंद केलं, आत हवा भरली आणि सगळ्या नळ्यांना साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा येईल तर शपथ. पाणी भरून रात्रभर ठेवलं, सकाळी तेवढंच निघालं. उलट आतून एक जुनं बटण निघालं, जे आप्पांनी दोन वर्षं शोधलं होतं.

“सूक्ष्म गळती,” मास्तरांनी निकाल दिला. “डोळ्यांना दिसत नाही ती सगळ्यात वाईट.”

जी गळती सापडत नाही तिच्यासाठी खात्यात वेगळा अर्ज असतो. लेकीने तो भरला. ती बावीस वर्षं तक्रारीच्या खिडकीवर बसत होती. लोक येऊन ओरडत, “नळाला थेंब नाही!” आणि ती शांतपणे लिहायची, ‘पुरवठा कमी दाबाने.’ साऱ्या खात्यात एवढं गोल लिहिणारा हात दुसरा नव्हता.

घरी तीन जिने होते. प्रत्येक जिन्याच्या वळणावर आप्पा थांबत आणि भिंतीवरचा पाइप निरखत.

“हा सांधा एकदा बघायला हवा,” ते म्हणत.

तो सांधा चौदा वर्षांत पाझरला नव्हता. लेकही थांबायची आणि त्या कोरड्या ठणठणीत सांध्याकडे काळजीने बघायची. आप्पांचा श्वास खाली बसला की दोघं पुढचा जिना चढत. डॉक्टरकडे न्यावं तर काय होतंय ते सांगावं लागलं असतं.

शेवटी नवा ट्युबा घ्यायचं ठरलं. पण दुकान विश्वासाचं हवं! यावर सगळा बँड एकदम बोलायला लागला. वरून चकचकीत आणि आतून प्लास्टिक असा नळ प्रत्येकाच्या गळ्यात कधी ना कधी मारलेला होता. लगोलग ‘विश्वासार्ह दुकान शोध उपसमिती’ नेमली गेली. ठिगळ्या प्रमुख, आप्पा जाणकार आणि लेक लिहायला. निकाल फलकावर लागणार होता, विश्वासार्ह एका बाजूला आणि अविश्वासार्ह दुसऱ्या. खात्याच्या फलकावरच्या अशा याद्या अग्निशमनवाल्यांचा बँड आणि पोस्टाचा बँड लिहून न्यायचे. त्यांच्याकडे स्वतःची उपसमिती नव्हती.

पहिलं दुकान काचेचं होतं. विक्रेत्याने पेटी उघडायच्या आधीच जुन्या ट्युबाला हात जोडले.

“संपला हो हा. आयुष्य असतं प्रत्येक वस्तूला.”

“बघितलाही नाहीस की रे बाबा,” ठिगळ्या म्हणाला.

“आम्हाला पेटीवरून कळतं.”

“मग नवा वाजवून दाखव.”

विक्रेता हसला. वाजवणारा माणूस दर मंगळवारी येतो, म्हणाला, आणि आला की फक्त बासरी वाजवतो. आप्पांना मात्र त्याने खुर्ची दिली, उशी दिली आणि “तुमच्यासारख्या कलाकाराला शोभेल” असा ट्युबा दाखवला, जो इतका मोठा होता की त्यामागे आप्पांचे फक्त बूट दिसत होते. लेकीने लिहिलं, अविश्वासार्ह.

दुसरं दुकान जुन्या वाद्यांचं. इथे प्रत्येक ट्युबा एकाच म्हाताऱ्या शिक्षकाचा होता आणि त्या शिक्षकाने तो फक्त रविवारी, तोही हळू, वाजवलेला होता.

“शिक्षकाकडे सात ट्युबा होते?” लेकीने विचारलं.

“हौस, बाई. हौसेला काय म्हणणार?”

ठिगळ्याने नळीच्या एका वळणावर नख फिरवलं. नखाखालून भेगा बुजवायची लांबी निघाली. ज्या माणसाने जन्मभर लांबी भरली त्याला लांबी दाखवायची म्हणजे काय! तो दुकानदाराशी दहा मिनिटं इतका जिव्हाळ्याने भांडला, की शेवटी दुकानदाराने त्याला लांबी कुठली वापरतो ते विचारून घेतलं. अविश्वासार्ह.

तिसरं दुकान एका बोळात होतं, पाटीही नव्हती. आत एक कारागीर बाई कामाच्या एप्रनमध्ये बसली होती, तोंडात दोन खिळे. तिने विकायच्या ट्युबांकडे बघितलंही नाही.

“जुना आणलाय? तो आधी.”

तिने ट्युबा रडक्या मुलासारखा मांडीवर घेतला. कळा दाबून बघितल्या, नळ्या एकेक उपसल्या, आत लहानसा दिवा सोडून दुकानातला उजेड मालवला आणि कुठून किरण बाहेर येतो का ते डोळे बारीक करून पाहिलं. अंधारात तिघंही तिच्याबरोबर बघत उभे. कुठूनही उजेड येत नव्हता. लेकीला वाटलं, एक तरी भोक निघू दे.

बाईने दिवा लावला, तोंडातले खिळे काढून बाजूला ठेवले, आणि ट्युबा तोंडाला लावून फुंकर घातली.

तो सूर! खिळ्यांच्या डब्या बोलायला लागल्या, खिडकीची काच थरथरली, ठिगळ्याच्या पायाखालची फळी गुणगुणली. एक, दोन, तीन... लेक नकळत मोजत होती. पुऱ्या आठ मात्रा. तिने आप्पांकडे पाहिलं. ते हसत होते, परगावी गेलेलं माणूस अचानक दारात दिसावं तसे. मग त्यांना कुणी बघतंय हे कळलं आणि त्यांनी हसू आवरलं.

“आता तुम्ही, काका.”

आप्पा बसले, पाठ ताठ केली, गाल भरले.

फुस्स.

बाईने विचारलं, “घरी जिने किती?”

“तीन.”

“मध्ये थांबता?”

“सांधे बघायला थांबतो,” आप्पा म्हणाले. “खात्यात होतो ना.”

“हं.” बाईने ट्युबा पुसला, पेटीत ठेवला आणि कड्या लावल्या. “वाद्यात काही नाही. नवा घेऊ नका. मी तरी तुम्हाला विकणार नाही.”

परतताना ठिगळ्याने पेटी उचलली होती आणि ती जड आहे अशी तक्रार तो सारखी करत होता, म्हणजे दुसरं कुणी काही बोलू नये.

गुरुवारी उपसमितीचा अहवाल झाला. ठिगळ्याने पहिली दोन दुकानं रंगवून सांगितली, सगळे पोट धरून हसले. तिसऱ्याशी आला आणि त्याची गाडी अडकली.

“आणि तिसरीकडे... तिसरीकडे तिने तपासला. गळती नाही म्हणाली.”

खोलीत कुणीतरी खोकलं.

“नाही म्हणजे?” मास्तर कपाळाला आठ्या घालून म्हणाले. “आपल्या खात्याला सापडली नाही ती गळती तिला कशी सापडणार? अनुभव लागतो. नवा दाखवला का?”

“विकणार नाही म्हणाली.”

“दुकान टाकून बसलीय आणि विकत नाही! संशयास्पद नाही का हे?” मास्तरांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी आपापल्या वाद्यांकडे पाहिलं आणि माना हलवल्या. एवढी सुटका कुणाला नको होती? “लिहा, ताई. अविश्वासार्ह. चौथं दुकान शोधू. पाचवं शोधू. गावात दुकानांना काय तोटा.”

लेकीला ते दिसत होतं. पुढचं वर्ष असंच दुकानं बघण्यात काढता येईल. दोन मात्रांची एक होईल, मग शून्य, पण खुर्ची राहील, बुधवारची इस्त्री राहील. बदल्यात काय, तर बोळातल्या एका बाईच्या नावापुढे एक शब्द, जो दोन बँड लिहून नेतील आणि तिच्याकडे जायचं सोडतील. बावीस वर्षांत तिने याहून मोठे शब्द लिहिले होते. तिने पेन टेकवलं आणि ‘अ’ काढला.

“तो अ खोड,” आप्पा म्हणाले.

ते मागच्या रांगेतून उठले होते. खोलीच्या या टोकाला येईपर्यंत त्यांना झांजांच्या पेटीला हात लावून एकदा थांबावं लागलं. तिथे भिंतीवर पाइप नव्हता, सांधा नव्हता. बघायला काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी लेकीकडे पाहिलं.

“चांगलं दुकान आहे ते. तीन दुकानांत तिने एकटीने माझ्याकडे बघितलं.” श्वास घ्यायला ते थांबले. “पुढचं तू सांग. मला म्हणायचं होतं वर्षभर... पण तेवढं वाक्य एका दमात होत नाही माझं.”

“आप्पा, बसा ना. आपण नंतर...”

“गोल नको लिहूस. सरळ सांग. मागच्या रांगेला ऐकू जाऊ दे.”

ठिगळ्या जमिनीकडे बघत होता. मास्तरांची काठी हवेतच राहिली होती. लेकीने ‘अ’वर एक आडवी रेघ मारली, वही मिटली आणि ती उभी राहिली. खिडकीवर बसणाऱ्या बाईचा आवाज, तो शेवटच्या भिंतीपर्यंत स्वच्छ गेला.

“ट्युबा चांगला आहे. कुठेही गळत नाही. आमच्या आप्पांना आता दम पुरत नाही.”