दोन झबली, दोन टोप्या

मूर्तिजापूर मागे पडलं तशी एसटीत रमाकाकूंची मान डुलायला लागली. मांडीवर पिशवी, पिशवीत लाडवांचा डबा आणि डब्याखाली ते पाकीट. रविवारी लेक जुईली अमरावतीहून येऊन गेली, तेव्हा तिचे कपडे धुवायला काढताना सापडलं होतं. एकवीस रंगीत गोळ्या, सात पांढऱ्या. मूल न होण्याच्या गोळ्या ओळखायला काही शिकवणी लावावी लागत नाही. वीस वर्षांची बिनलग्नाची पोर, घरात पौरोहित्य आणि आठवड्यावर महालक्ष्म्या! नवऱ्याला, उद्धवगुरुजींना, काकूंनी अवाक्षर सांगितलं नव्हतं. आधी त्या मेल्याचं नाव काढायचं, मग बघू.

डोळा लागला, तर शेजारच्या सीटवर ज्येष्ठा महालक्ष्मी येऊन बसलेली. पितळी मुखवटा, नाकात नथ, मांडीवर एकच बाळ. "रमे, माझं दुसरं लेकरू दिसत नाही गं," ती म्हणाली. काकू सीटखाली शोधतात, डब्यात शोधतात, खिडकीबाहेर वाकून कपाशीत शोधतात. बडनेऱ्याला कंडक्टर ओरडला तेव्हा त्या पदराखाली चाचपत होत्या. काय बाई वेडेपणा, म्हणून स्वतःवरच चिडल्या.

अमरावतीत जुईलीच्या खोलीच्या जिन्याशी घरमालकीण गोदाबाई भेटली.

"ईशानची माय का तुमी? बरं झालं आल्या. पोरगं कालपासून जेवलं नाही."

"मी जुईलीची आई."

"जुईली कोन? वर तं एकटा ईशानच राह्यते."

हं! म्हणजे नाव ईशान. काकू तरातरा जिना चढल्या.

वर पलंगावर जुईलीच होती. बारीक कापलेले केस, चौकड्यांचा शर्ट, गुडघे पोटाशी घेतलेले.

"कुठं हाय तो?"

"कोण?"

"ईशान! ज्याच्यापायी हे खाऊन राहिली तो!" काकूंनी पाकीट पलंगावर आदळलं.

लेकरू पाकिटाकडे बघतच राहिलं आणि मग ओक्साबोक्शी रडायला लागलं. "तू नेलं होतं हे? तीन दिवस झाले शोधून राहिलो, आई. दुसरं आणाची हिंमत नाही झाली. मेडिकलवाला कसा पाह्यते मायाकडे! अन् आज सकाळी सुरू झाली."

"काय सुरू झाली?"

"पाळी. चवदा महिन्यांनी."

मग तुकड्या-तुकड्यांनी सगळं बाहेर आलं. गोळ्या डॉक्टरमॅडमनी दिल्या होत्या. शेवटच्या सात पांढऱ्या सोडायच्या, लगेच पुढचं पाकीट उघडायचं, म्हणजे पाळी येत नाही. दर महिन्याला ती आली की स्वतःच्या अंगातून पळून जावंसं वाटायचं. ते थांबलं होतं.

"मंग तो ईशान?" काकूंनी विचारलं.

"मीच आहो, आई. दुसरा कोणी नाही."

आभाळ कोसळलं म्हणावं, तर डोक्यावर पंखा नीट फिरत होता आणि खाली गोदाबाई भांडी घासत होती. देवा रे, कुणी पोरगा असता तर लग्न लावून मोकळी तरी झाले असते, असं काकूंच्या मनात आलं. मग त्यांना तेरा वर्षांची जुईली आठवली. पहिली पाळी नेमकी महालक्ष्म्यांत आली होती. चार दिवस मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"तवा मले वाटलं, पुरणपोळीसाठी रुसली तू."

"पुरणपोळीसाठी नव्हतो रडत, आई."

लग्नानंतर दरवर्षी महालक्ष्म्यांच्या आधी सासूबाई काकूंच्या तळहातावर गोळी ठेवत, पाळी पुढे ढकलायची. देवीला अडचण नको. मग मळमळो की डोकं फुटो, सोळा भाज्या चिरायच्याच. रमे, तुला काय हवं, असं बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. या लेकराला निदान स्वतःला काय हवं ते ठाऊक होतं.

घरच्या रीतीनं अशा वेळी शिवायचं नव्हतं. काकूंनी पलंगावर बसून ते डोकं मांडीवर घेतलं.

"त्या मॅडमले फोन लाव. चुकलेल्या गोळ्यांचं काय करायचं, मी विचारते."

निघताना त्या म्हणाल्या, "महालक्ष्म्यांले येशील ना?"

"कोण म्हणून येऊ?"

काकूंनी लाडवांचा डबा उशाशी ठेवला आणि त्या जिना उतरल्या.

त्याच रात्री त्यांनी गुरुजींना सगळं सांगितलं. गुरुजी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलेनासे झाले. महालक्ष्म्या उभ्या करायच्या दिवशी काकूंनी देवीपुढची दोन्ही बाळं गुरुजींच्या हातात दिली. दरवर्षी एकाला झबलं-टोपी, एकीला परकर-पोलकं. यंदा दोन झबली होती, दोन टोप्या.

"पोरगी कुठं गेली?" इतक्या दिवसांनी गुरुजींच्या तोंडून शब्द निघाला.

"कुठंच नाही गेली. लेकरू तेच हाय."

गुरुजींनी ते दुसरं बाळ उजेडात धरून पाहिलं. त्याची टोपी कलली होती. ती त्यांनी सरळ केली आणि दोन्ही बाळं देवीपुढे ठेवली. मग बाहेर जाऊन कुणाला तरी फोन केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुरुषांची पंगत बसली. आंबील वाढून झाली, सोळा भाज्यांची भाजी वाढून झाली. गुरुजींच्या शेजारच्या पाटापुढेही पान वाढलेलं होतं, पाट मात्र रिकामा होता. सगळे त्यांनी आपोष्णीचं पाणी घेऊन जेवण सुरू करण्याची वाट बघत होते.

"घ्या ना गुरुजी, निवून राहिलं," पंगतीतून कुणीतरी म्हणालं.

गुरुजींनी हात पानापासून लांब ठेवला. "जरा थांबा. आमचा पोरगा यायचा हाय अमरावतीहून."

स्वयंपाकघराच्या दारात काकू तुपाची तांबली धरून उभ्या होत्या. पंगत थांबली होती.