मोरपंखीचा पहारेकरी

टण्! स्वयंपाकघरात वाटी पडली, फरशीवर गरगर फिरली आणि थांबली. दुपारची शांतता मोडली, तसा मलाही कंठ फुटला. मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे, म्हणजे इतर संगणकांना माहिती पुरवणारा संगणक. नवागामात वैशालीच्या घरी फडताळावर असतो, अंगावर तिची जुनी ओढणी.

पूर्वी मी पलसाण्याच्या एका रंगकारखान्यात होतो. सुटे भाग जुळवून मला उभं केलं, माझ्यात लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली घातली. मला वैशाली चालवायची. रंगमास्तर धुडकूआप्पा तिच्याशेजारी स्टुलावर बसून साड्यांच्या रंगांच्या कृती सांगायचे. त्यांची नजर मंदावत चालली होती.

"बेटा, माले आते दिखत नही. तू लिखी ले." शेवटी त्यांनी मोरपंखी सांगितला. "याला घाई नको हां. मोर काय पळत पळत नाचतो?"

टेलिफोनच्या तारेने मी मुख्य कचेरीशी जोडलेला होतो. त्या वाटेने चोरही येऊ शकतो, म्हणून माझ्यात पहारेकरी बसवायचं ठरलं. तो माणूस नव्हे, एक प्रोग्राम. कचेरीतले प्रदीपभाई फोनवरून सांगत होते, "वैशालीबेन, नुसता बसवून भागत नाही. इथं कचेरीतल्या मशीनवर त्याचं नाव नोंदवा. नाहीतर तो ओरडेल आणि ऐकणार कुणी नाही."

"म्हणजे बारसं राहिलेलं बाळ!" वैशाली हसली. तिने नाव घातलं, गुप्त शब्द घातला. पडद्यावर 'नोंद झाली' उमटलं. तेव्हा मला फार धीर आला होता.

मग दसरा आला. यंत्रांच्या पूजेचा दिवस. आप्पा म्हणाले, "आज त्यालाबी विसावा दे." वैशालीने मला बंद केलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. दुसऱ्या दिवशी मी जागा झालो, पहारेकरी झाला नाही. माझ्यासोबत आपोआप उठणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत त्याला घालायचं राहून गेलं होतं. कचेरीत तो 'बंद' दिसत होता. प्रदीपभाईंना वाटलं, कामगार दसऱ्याला गावी गेलेत, मशीन अजून पूजेतच असेल.

चौथ्या दिवशी तारेवरून कुणीतरी आलं आणि सगळ्या कृती पुसून गेलं.

जुन्या फ्लॉप्यांवरच्या नकलांतून बरेच रंग परतले. मोरपंखी त्यांत नव्हता. आप्पांनी आठवून पुन्हा सांगितला, कापड रंगून आलं. त्यांनी ते खिडकीशी धरलं, डोळ्यांजवळ नेलं, बोटांनी चाचपलं.

"हाच का तो? आता कोण सांगेल, बेटा?"

वैशालीने त्या दिवशी जेवणाचा डबा उघडलाच नाही. पुढे कारखान्यात नवं मशीन आलं, तेव्हा तिने मला मागून घरी आणलं.

मित्रांनो, यंत्राला फूल जरूर वाहा. पण पुन्हा सुरू कराल, तेव्हा त्याच्या राखणदारालाही हाक मारून बघा. तो ओ देतो ना, एवढं ऐका.

आत्ता वैशाली माझ्यावरची धूळ पुसते आहे. पाच वर्षांची पल्लवी वाटी हातात घेऊन जवळ आली आहे.

"आई, आप्पाआजोबांचा मोरपंखी यातून पुसला ना? मग तो गेला कुठं?"

वैशाली फडकं बाजूला ठेवते आणि पल्लवीला जवळ ओढून आप्पांची गोष्ट सांगू लागते.