एद्मेचा वळसा

आजवर ब्लांश कालामने खोटा आकडा कधी लिहिला नव्हता. लिहिला तो नवऱ्याला मातीत ठेवल्यानंतरच्या आठवड्यात, आणि तोही घड्याळांच्या कारखान्यात, तिनेच जुळवलेल्या एका वैमानिकाच्या घड्याळाच्या तपासणी-कागदावर. बर्फाच्या पेटीत दिवसभर ठेवून घड्याळ तपासायचं असतं. तिने पेटी उघडलीसुद्धा नाही, शेजारच्या घड्याळाचा आकडा उतरवला आणि मोकळी झाली. मंगळवारी डोकं ताळ्यावर आलं, तोवर घड्याळ सिऑंच्या विमानतळावर पोचलं होतं.

रोदुई नावाचा वैमानिक तिथून डोंगरावरच्या झोपड्यांना सामान पोचवायचा. दरीत ढग भरले की घड्याळाकडे बघून सेकंद मोजायचे आणि वळायचं. वळण चुकलं की समोर कडा. कडाक्याच्या थंडीत ते घड्याळ मध्येच थांबलं तर?

तिने विमानतळावर फोन लावला. रोदुई वर गेला होता, दुपारी तीनला परतणार होता. ब्लांशने हत्यारांची डबी घेतली आणि आपल्या सेंतिमिए गावाहून पहिली गाडी पकडली.

तीन वाजले, सव्वातीन झाले. ढग खालीच होते. शेवटी विमान उतरलं तेव्हा ब्लांश धावतच रोदुईकडे गेली.

"साहेब, ते घड्याळ द्या. थंडीत न तपासताच मी आकडा लिहिला होता."

रोदुईने तिच्याकडे नीट पाहिलं. "बाई, आज वर उणे वीसच्या खाली थंडी होती. दोनदा ढगातून याच्याच भरवशावर वळलो. तरी घ्या बघून."

ब्लांशने घड्याळाची पाठ उघडली, भिंग डोळ्याला लावलं आणि ती जागच्या जागी थिजली. आतली केसाइतकी बारीक कमान तिने बसवलेली नव्हतीच. कोणीतरी नवी बसवली होती. टोकाचा वळसा ऐसपैस, शेवटी किंचित उचललेला. कारखान्यातल्या प्रत्येकीच्या चिमट्याची वळणं वेगळी, आणि हे वळण तिच्या शेजारच्या टेबलावरचं, एद्मे रॉसेलचं होतं.

त्या दोघी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. "ब्लांशचा वळसा आखूड असतो," असं एद्मे भर कारखान्यात म्हणाली होती, तेव्हापासून.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत एद्मे एकटीच पाव-चीज खात बसली होती. ब्लांश तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"एद्मे, माझा वळसा आखूड असतो."

एद्मेने घास संपवला. "एवढं कळायला अकरा वर्षं लागली?"

"तुला कसं कळलं?"

"तू बर्फाच्या पेटीकडे फिरकलीच नाहीस. शेजारून दिसत नाही काय मला? पार्सल बांधायच्या आत घड्याळ काढून घेतलं. पेटीत ठेवलं तर दोन तासांत थांबलं, बाई."

"मग मला सांगायचंस की."

"आपण बोलतो कुठे? आणि तुझं घरात काय झालेलं. मेले, तू तरी काय करणार होतीस."

ब्लांशला रडू आवरेना. तिने एद्मेचा उजवा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "तो माणूस तुझ्यामुळे जिवंत आहे, एद्मे. मीसुद्धा. हे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"हळू धर," एद्मे म्हणाली, पण हात काही तिने सोडवून घेतला नाही. "याच हाताने दुपारी काम करायचंय."