पाइपातला श्वास

योगेंद्रला डाइव्हमास्टर व्हायचं होतं. पर्यटकांना समुद्राखाली न्यायचं, मासे दाखवायचे आणि सगळ्यांना धडधाकट वर आणायचं, अशी ती नोकरी. दिघोरीत हे समजावून सांगता सांगता त्याच्या आईच्या, निर्मलाबाईंच्या, तोंडाला फेस आला. शेवटी "पान्याखालचा कंडक्टर" असं तिनंच नाव पाडलं आणि गावाला ते पटलं.

शिकायला दोन ठिकाणी जागा मिळत होती. एक अंदमानात: दोन महिन्यांत सर्टिफिकेट आणि लगेच पर्यटक ताब्यात. दुसरी मालवणजवळ केळुसकर सरांकडे, जिथं त्यानं आधीचे कोर्स केले होते. तिथं सहा महिने, आणि त्यातले पहिले काही तर नवशिक्यांसारखे उथळ पाण्यात काढायचे. शनिवारपर्यंत दोन्हीकडे उत्तर द्यायचं होतं.

"सहा महिने? तुले?" त्याचे वडील पुंडलिकराव हसले. "आठव्या वर्गात तुडुमाचा डट्टा काढणारा पोट्टा तू! जळते तो मास्तर तुह्यावर. सीधा अंदमानले जाय."

तुडूम म्हणजे गावतलावाच्या मातीच्या पाळीतलं पाणी सोडायचं भोक. पावसानं दडी मारली की कुणीतरी बुडी मारून त्याचा लाकडी डट्टा काढायचा, मग पाणी धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, जातं. हे काम पुंडलिकरावांच्या घराकडे त्यांच्या आज्यापासून चालत आलेलं. जमीन सगळ्यांकडेच असते, पण एवढा लांब दम कोणाकडे असतो? पोरीच्या, रीताच्या, सोयरिकीतसुद्धा त्यांनी हे पाव्हण्यांना ऐकवलं होतं. बापड्या पाव्हण्यांनी मान डोलावली.

हाच दम योगेंद्रला नडला होता, आणि ते घरात कोणाला माहीत नव्हतं. पाठीवर सिलिंडर असलं की पहिला नियम एकच, श्वास धरायचा नाही. खोलवर घेतलेली दाबातली हवा वर येताना फुगते. तोंड मिटलेलं असेल तर तिला जायला वाट नसते आणि फुप्फुस फाटतं. योगेंद्रला हे तोंडपाठ होतं. पण उन्हाळ्यात एकदा खोल पाण्यात त्याच्या मास्कमध्ये पाणी शिरलं, तो घाबरला आणि घाबरल्यावर पुंडलिकरावांचा पोरगा जे करणार तेच त्यानं केलं. तोंड गच्च मिटून वर सुटला. सरांनी पाय धरून खाली ओढलं आणि पोटात गुद्दा हाणला, तेव्हा हवा बाहेर पडली.

किनाऱ्यावर सर ओरडले नाहीत. "हाडात मुरलंय तुझ्या," एवढंच म्हणाले. "सहा महिने दे, मी काढतो. नाहीतर उद्या तुझ्यासोबतचा माणूस असाच वर सुटेल आणि तुला त्यात चूक दिसणार नाही."

त्याला संताप आला होता. खरं तर लाज वाटली होती, पण लाजेपेक्षा संताप मिरवायला सोपा. अंदमानवाल्यांनी असलं काही विचारलंच नव्हतं. त्यांना होकाराचा मेसेज लिहून तयार होता, फक्त पाठवायचा राहिला होता.

त्याच आठवड्यात तुडूम अडला. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला होता, पाऊस गेला तो गेलाच, बांध्या तडकायला लागल्या. तलावात पाणी होतं, पण बेशरमीच्या झुडपांची मुळं आणि गाळ डट्ट्याभोवती घट्ट बसला होता. योगेंद्रनं पुन्हा पुन्हा बुडी मारली. एका दमात उपसण्यासारखं ते काम नव्हतं. मग त्याचा मित्र संघपाल, ज्याचं लाखनीला हायवेवर पंक्चरचं दुकान होतं, टेम्पोत हवेचा कॉम्प्रेसर आणि लांबलचक पाइप घालून आला.

"घे, तुह्यं सिलिंडर," तो म्हणाला. "तोंडात पाइप धर अन् बस खाली आरामात."

पाळीवर अर्धं गाव जमलं होतं. पाणीवाटप पाहणारे मधुकरराव छत्री टेकून पुढेच उभे होते. योगेंद्रनं पाइप हातात घेतला आणि लगेच परत केला.

"नोको. तेलकट हवा रायते याची," तो म्हणाला.

"समुद्रात जाते अन् तलावाले भेते!" कोणीतरी म्हणालं आणि पाळ हसली.

पुंडलिकरावांना ते झोंबलं. त्यांनी सदरा काढून योगेंद्रच्या हातात दिला. "सरक. मी जातो."

"बाबा, नोका जाऊ."

"काहून? तेल तं आपन भाजीतयी खातो."

पुन्हा हसू झालं. योगेंद्रच्या जिभेवर खरी गोष्ट आली होती: वर येताना श्वास धरू नका, सोडत सोडत या. एवढंच बोलायचं होतं. पण मधुकररावांनी "तुले कसं मालूम?" विचारलं असतं आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं, ते मास्कातलं पाणी, तो गुद्दा, ते सहा महिने. अंदमानला जाणाऱ्या पोराची पाळीवर शोभा झाली असती. तो बापाचा सदरा धरून नुसता उभा राहिला.

पुंडलिकराव बराच वेळ खाली होते. मग तुडूम गरजला, पाटात गढूळ पाणी उसळलं आणि लोकांनी आरोळी ठोकली. पाण्यातून डोकं वर आलं. गाल फुगलेले, तोंड गच्च मिटलेलं. खाली पाइपातून छातीभर हवा भरून घेऊन, आयुष्यभर जसे येत आले तसेच ते वर आले होते. त्यांनी हात उंचावला, हसायला तोंड उघडलं आणि खोकल्यासरशी ओठांवर गुलाबी फेस आला.

योगेंद्रनं त्यांना ओढून टेम्पोत घातलं. लाखांदूरच्या दवाखान्यातून थेट भंडाऱ्याला नेलं. तिथं छातीत नळी घातली, तेव्हा कुठे श्वास सुरळीत झाला. डॉक्टरांनी विचारलं, "वर येताना दम धरला होता का?" पुंडलिकरावांनी होकाराची मान हलवली, थोड्या अभिमानानंच.

दोन दिवसांनी त्यांना नीट बोलता यायला लागलं. निर्मलाबाई डबा धुवायला बाहेर गेल्या तसं त्यांनी पोराला जवळ बोलावलं.

"डाक्टर म्हने, दम धरला म्हनून फाटलं. तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाई?"

योगेंद्रनं सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही, आणि सांगताना त्याला बापाकडे पाहवलं नाही. पुंडलिकरावांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "लोकायले नोको सांगू हे. चूप अंदमानले निंगून जाय. घराची इज्जत हाये."

बाप वाचला होता, बापानं माफही केलं होतं. आता फक्त फोनवरचा तो मेसेज पाठवायचा होता. असं सोपं करून दिल्यावर कोणाला मोह होणार नाही? योगेंद्रलाही झाला. त्यानं फोन काढून हातात घेतला होता, तेवढ्यात मधुकरराव नारळपाणी घेऊन वॉर्डात आले.

"तू होता म्हनून बाप वाचला, बाबू," त्यांनी योगेंद्रची पाठ थोपटली. "अन् आयक. लहान्या तलावाचाबी तुडूम अडला. पोट्ट्यायनं संघपालचा कॉम्प्रेसर अन् पाइप ठेवून घेतला, आजच उतरतो म्हनते. तेलाचं काई नाई, म्या पाइपाले फडकं बांधाले सांगतलं. तू सांजच्याले फक्त पाळीवर येऊन उभा राय. तू असला का पोट्टे भेत नाईत."

पुंडलिकराव पोराकडे पाहत होते. त्यांनी आयुष्यात कोणाची विनवणी केली नव्हती, ती आता डोळ्यांनी करत होते.

"कोनी उतरू नोका, काका," योगेंद्र म्हणाला. "तेलाचं नाई. पाइपातली हवा घेऊन दम धरला का छाती फाटते. मले हे आधीच मालूम होतं. पाळीवर सांगतलं नाई, कारन मीबी तसंच केलं होतं, समुद्रात. मलेच नाई येत, काका. अंदमान नाई. सहा महिने मालवणले चाललो शिकाले."

मधुकररावांनी एकदा पोराकडे, एकदा बापाकडे पाहिलं. काही विचारावं असं त्यांच्या तोंडावर आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं आणि फोन लावला. "पाइप गुंडाळा रे," ते मोठ्यानं म्हणाले. "कोनी पान्यात पाय घालू नोका. कायले म्हंजे? सांगतो, सारं सांगतो आल्यावर."

पुंडलिकरावांनी भिंतीकडे तोंड केलं. छातीत नळी होती, वळताना जीव कळवळला असणार. तरी ते वळले.