समाप्तची पाटी

गोविंदानं, माझ्या मुलानं, रोह्याहून व्हिडिओ भाड्यानं आणला तो दिशाला शिकवायला. त्याची लेक, माझी नात दिशा, पेणला दिलेली. नवऱ्याचा मार खाऊन निडीला, आमच्याकडं परत आली होती. उद्या तिला पोचवायचं, असं तिच्या बापानं ठरवलेलं. बॅग भरून दारात ठेवली होती.

"बघ, जुन्या बायका कशा नांदायच्या," कॅसेट आत ढकलत तो म्हणाला. "माझा आजा ह्याच पिक्चरची गोष्ट सांगायचा."

आजा म्हणजे माझा बाप. सांगणारच. मी लहान असताना हा सिनेमा पेणच्या जत्रेत तंबूत आला होता. माझी थोरली बहीण पुतळी तेव्हा अशीच माहेरी आलेली. बापानं आम्हां दोघींना मुद्दाम नेलं. नवरा बायकोला मारतो, हाकलतो. ती सगळं सोसून शेवटी येऊन त्याचे पाय धरते. तिथं पडदा पांढरा झाला. दुसऱ्या खेळाची माणसं आत घुसायला लागली. आम्ही बायका डोळे पुसत उठलो.

"बघितलंस ना?" बाप पुतळीला म्हणाला. "पाय धरले, संसार झाला."

पुतळी धरमतरला, मिठागरावरच्या घरी परत गेली. पावसाच्या आत तिचं मढं बघायला गेलो. पाठभर वळ होते.

आता टीव्हीवर ती बाई तशीच वाकली. या खेपेला मला रडू आलं नाही. ती पायाशी पडलेली असताना नवरा सिगारेटची राख झाडत होता. तेवढंच दिसलं.

गोविंदा बंद करायला उठला. "झाला पिक्चर."

"थांब. समाप्त कुठं आलंय?"

"आये, साक्षरतेच्या वर्गाला काय गेलीस, आता पिक्चरलाही पाटी पायजे व्हय?"

दिशा हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

कॅसेट पुढं चालत राहिली. पिक्चरमधे सकाळ झाली. ती बाई उठली, दाराला बाहेरून कडी घातली आणि चालायला लागली. मागं वळली नाही. मग अक्षरं आली. मी मोठ्यानं वाचली.

तंबूवाल्यानं घाईत शेवटचं रीळ लावलंच नव्हतं. आम्हां बायकांत एकीलाही वाचता येत नव्हतं. पाटी आली नाही हे कळणार कसं? बापाला वाचता येत होतं.

"जुना पिक्चर गो आये," गोविंदा म्हणाला. "त्यात काय खरं असतंय?"

"मघाशी खरं होतं ना?"

"ता काय नाय. सकाळच्या एस.टी.नं जायचं हाय."

मी बॅग उघडली, दिशाच्या साड्या एकेक करून वलणीवर टाकल्या आणि रिकामी बॅग त्याच्याकडं सरकवली.

"जा. ही पोचव पेणला."