जगोदाच्या गोळ्यांचा डबा

मित्रांनो, माझ्या अंगावरचा निळा रंग आता खरवडून गेला आहे आणि झाकणही नीट बसत नाही. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. सर्बियातल्या पिरोत गावी, जगोदाच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर मी राहतो.

जगोदाची थोरली बहीण विदोसावा व्हिएन्नात साफसफाईची कामे करायची. तिने मला कॉफीने भरून इकडे आणले. कॉफी संपली, वास राहिला. मग जगोदाने माझ्यात औषधे ठेवली. ती मागावर गालिचे विणायची. बोट कापले की पट्टीसाठी, लेकीला, तियानाला, ताप आला की गोळीसाठी तिचा हात माझ्याकडेच यायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे जगोदाची पाळी मागेपुढे होऊ लागली. विणता विणता अंगातून वाफा निघायच्या, छाती धडधडायची. रक्तदाब फार वाढलाय, या वयात हृदयाला जपायला हवे, गोळी रोज घ्यायची, असे डॉक्टरीणबाईंनी तपासून बजावले. त्या गोळ्या माझ्यात आल्या. त्यांच्यापाठोपाठ विदोसावाचे पार्सल आले. त्यात ताकदीच्या गोळ्यांच्या बाटल्या होत्या: माशाच्या तेलाच्या, लसणाच्या, कॅल्शियमच्या.

सकाळच्या कॉफीला शेजारची स्लाव्का आली.

"डॉक्टरची गोळी? अगं, ती म्हाताऱ्यांची. एकदा धरली की मरेपर्यंत सुटत नाही."

"म्हातारी तू. मी अजून लग्नात रात्रभर नाचते."

"मग बहिणीच्याच घे की. परदेशातून प्रेमाने पाठवल्यात. मलाही दे दोन."

"चार घे बाई. तुझी जीभ तरी जरा मऊ होईल."

दोघी हसल्या. त्यानंतर विदोसावाच्या बाटल्या रिकाम्या होत गेल्या. डॉक्टरांच्या गोळ्या माझ्या तळाशी तशाच पडून राहिल्या.

शरद ऋतूत अंगणात हिवाळ्याच्या चटणीसाठी मोठ्या लाल ढोबळ्या मिरच्या भाजून सोलायचे काम निघाले. जगोदाला दम लागला. जबडा आणि पाठ दुखू लागली.

"घामाघूम होऊन दारात बसलीस ना, वारं लागलं," स्लाव्का म्हणाली. आमच्याकडे सगळ्या दुखण्यांचा दोष दारातून येणाऱ्या वाऱ्यावर जातो. तिने खिडक्या लावल्या आणि जगोदाच्या पाठीला आलुबुखाराची दारू चोळली.

"डॉक्टरकडे जाऊया का?" स्लाव्काने विचारले.

"एवढ्या मिरच्या सोलून होऊ देत," जगोदा म्हणाली. तिने बहिणीच्या दोन गोळ्या घेतल्या. तियाना कामावरून आली, तिने रुग्णवाहिका बोलावली, पण तोवर उशीर झाला होता.

जगोदाच्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी आमच्याकडे स्मरणविधी असतो, त्याला विदोसावा येणार होती. त्या सकाळी तियानाने मला उघडले. डॉक्टरांच्या गोळ्यांची पाकिटे न फोडलेली होती. ती तिने आपल्या खिशात घातली. रिकाम्या बाटल्या मात्र राहू दिल्या.

दुपारी विदोसावाने झाकण काढले.

"सगळ्या संपवल्या गं तिने."

"हो मावशी. तू पाठवलेलं ती कधी चुकवायची नाही."

विदोसावाने मला छातीशी धरले आणि ती खूप रडली. स्लाव्का खाली बघत राहिली.

मित्रांनो, ताकदीच्या गोळ्या प्रेमाने आलेल्या असतात. पण त्या डॉक्टरांच्या औषधाचे काम करत नाहीत. मला हे सांगता आले नाही, मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे. आज घरी गेलात की आईचा डबा उघडून बघा. तळाशी काही राहिले असेल तर पाण्याचा पेला घेऊन तिच्यासमोर उभे राहा. ती रागावेल. रागावू द्या.