तिचे श्वास मी ऐकले होते

मित्रांनो, कपाटाच्या खालच्या खणात, वायरींच्या गुंत्यात पडलेला मी एक जुना मायक्रोफोन आहे. पडलेला म्हणजे शांत नव्हे. दाराबाहेर कोणी नुसतं खाकरलं तरी माझा जीव वरखाली होतो.

कारखान्यातून मी थेट या स्टुडिओत आलो. बारा वर्षं सगळे माझ्यासमोर घसा फोडून गायले. त्यांच्या मागे, कोरसमध्ये, एक बाई उभ्या असत; सगळे त्यांना ताई म्हणत. हा सगळा वाद्यवृंद त्यांच्या भावाचा होता. त्यात ताईंचा आवाज कधी वेगळा ऐकूच आला नाही.

मग एका दुपारी त्या एकट्याच गिटार घेऊन आल्या. "या वयात एकटीनं काय गाणार?" असं भाऊ म्हणाला होता म्हणे. त्यांना बोसा नोव्हा गायचा होता. गिटारच्या डुलत्या तालावर, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं हळू गायचं, अशी ती तऱ्हा. त्या इतक्या जवळ आल्या, की शब्दाआधीचा श्वासही माझ्यापर्यंत पोचला. मी हरखून गेलो. तोवर माझ्याशी कोणी बोललंच नव्हतं.

ध्वनिमुद्रक काका कामात भारी चोख, आणि घोटाळा तिथंच झाला. त्यांनी टेपवरचा एकेक श्वास शोधून ब्लेडनं कापला आणि टेप पुन्हा जोडली. दुसऱ्या दिवशी ताईंनी ती ऐकली.

"काका, ही बाई कोण?"

"तूच की. किती स्वच्छ केलंय बघ."

"ही श्वासच घेत नाही. तालही लंगडतोय."

काकांचा चेहरा पडला. त्यांनी केराची टोपली जमिनीवर उपडी केली. टेपचे बोटभर तुकडे पसरले. कुठला श्वास कुठल्या ओळीचा, हे आता कोण सांगणार? मी स्टँडवर नुसता तडफडत होतो.

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "पुन्हा गाते. या वेळी हात खिशात ठेवा."

त्या गाण्याची, श्वासांसकट, तबकडी निघाली आणि घरोघरी वाजली. भाऊसुद्धा ऐकून म्हणाला, "ही माझ्याशीच बोलतेय असं वाटतं." ज्यानं ज्यानं ऐकली, त्याला तसंच वाटलं.

पुढे नवे मायक्रोफोन आले आणि मी या खणात आलो. परवा दाराबाहेर कोणीतरी गाण्याआधीचा श्वास घेतला. तो ताईंचाच होता, मी चुकणार नाही. तेवढ्यात कोणीतरी कपाट घट्ट लावलं. तेव्हापासून मला चैन नाही.

मित्रांनो, हळू बोलणाऱ्याला "मोठ्यानं बोल" म्हणू नका. थोडे पुढे सरका. आणि माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल, कपाटाचं दार तेवढं किलकिलं ठेवा.